तळटीप : ‘सुपूर्दनामा’

सुपूर्दनामा : जप्त माल नीट सांभाळून मागताक्षणी हजर करण्याची लेखी हमी. मोझरीच्या शिवारातली बैलजोडी आणि बंडी (बैलगाडी) बेलिफाने जप्त केली, तरी ती शेजाऱ्याच्याच कोठ्यात (वऱ्हाडात गोठ्याला कोठा म्हणतात) राहिली, याचे आजच्या वाचकाला नवल वाटेल. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१, नियम ४३ प्रमाणे जप्त जंगम माल बेलिफाने स्वतःच्या किंवा हाताखालच्या माणसाच्या ताब्यात ठेवायचा. तो नीट राहील याची जबाबदारी त्याची. नासणारा किंवा सांभाळण्याचा खर्च किमतीहून जास्त होईल असा माल त्याला लगेच विकता येतो. पण बैलांना रोज वैरण-पाणी लागते, कचेरीत ते कोण बघणार? म्हणून गावातल्याच प्रतिष्ठित माणसाकडे जनावरे ठेवण्याची सोय. १९७६च्या दुरुस्तीने ती नियम ४३-अ म्हणून संहितेत आली. नोटीस देऊनही माल हजर केला नाही, तर नुकसानभरपाई सांभाळणाऱ्याकडून वसूल होते. उभ्या पराटीची (कपाशीची) गोष्ट वेगळी : तिथे वॉरंटाची एक प्रत शेतात आणि दुसरी ऋणकोच्या घरावर लावली की जप्ती झाली.

फौजदारीतला मुद्देमाल निराळा, पण सांभाळणाऱ्याची जबाबदारी तिथेही असते. पोलिसांच्या ताब्यातले दागिने गहाळ झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये बसव्वा पाटील खटल्यात सरकारला किंमत भरायला लावली.

पोटापुरती शेती करायला लागणारी जनावरे मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये जप्तच होत नाहीत. तेव्हा लेखक म्हणतो ती जोडी घरची दुसरी असावी.