साकोलीचे सहा दंड

दिवाळी सरली की साकोलीहून लाखांदूर-वडशाकडे जाणाऱ्या पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं झळकू लागतात. नटांचे फोटो, स्थळ, तारीख या साऱ्या गर्दीत नाटकाचं नाव जाड, उंच, खेटून उभ्या अक्षरांत असतं. ‘बोल्ड कंडेन्स्ड सॅन्स सेरिफ’ नावाचं हे वळण इंग्रजीची नक्कल आहे, असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. १८१६ च्या सुमारास लंडनच्या चौथ्या विल्यम कॅसलनने टोकाचे फराटे नसलेला ठसा नमुन्यात दाखवला, तोही फक्त कॅपिटल अक्षरांचा. ‘सॅन्स सेरिफ’ हे नाव व्हिन्सेंट फिगिन्सने १८३२ मध्ये वापरलं. जाहिरातीच्या कागदाची रुंदी ठरलेली आणि शब्द तर मोठा हवा, म्हणून अक्षरं अंगाने आटली, उंचीने वाढली. जेफ्री लीचा १९६५ चा ‘इम्पॅक्ट’ याच कुळातला. गरज तिकडून आली, हे मान्य. पण देवनागरीत काढून टाकायला तसे फराटे नव्हतेच. तिची जाड-बारीक रेघ तिरक्या कापलेल्या बोरूतून आलेली. आपल्या अक्षरकारांना तो चढउतार मोडून रेघ एकसारखी जाड करायची होती, आणि खरी अडचण पुढेच होती.

‘साकोली’ हाच शब्द घ्या. स चा दंड, काना, क चा मधला दंड, ओकाराचा काना, ल चा दंड, वेलांटीचा दंड: तीन अक्षरांत सहा उभ्या रेघा. त्या जाड करून जवळ आणल्या की शब्दाचं कुंपण होतं. इथे पाकळीचा, म्हणजे दंड नसलेला मराठी ल कामाला येतो. दंडाचा ल कमी जागेत मावतो, म्हणून घट्ट वळणात तोच सोयीचा, असा आक्षेप निघतो. जागा वाचते खरी, पण सहावा दंडही तोच आणतो. पाकळीचा ल थोडी रुंदी मागतो आणि त्या बदल्यात डोळ्याला थांबायला जागा देतो. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल ठरवला, तो मराठीची ओळख म्हणून. घट्ट ठशात तो वाचनीयतेसाठीही हवा.

मग साधा फाँट संगणकावर दाबून अरुंद केला तर? तसं केल्यावर उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते, आणि अक्षर डोक्यावर ओझं घेतल्यासारखं दिसतं. घट्ट वळण मुळातूनच काढावं लागतं. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये आणलेले फाँट, मनुषी पारीख यांचा ‘टेको’ आणि त्याच फाउंड्रीचा ‘खंड’, हे तसे काढलेले, शिवाय मोफत. जाडी वाढवतानाही शिरोरेषेतली फट राखावीच लागते. ती बुजली की धानाचं ‘घान’ होतं आणि भंडाऱ्याचा ‘मंडारा’.