बाईनं शास्त्र शिकावं का?

मागच्या भागात आपण कीर्तनकार बायांबद्दल बोललो, तेव्हा एका गटातून प्रश्न आला होता की चर्चमध्ये बाईला धर्मगुरू होता येतं का, आणि त्याला काही शाळा-कॉलेज असतं का. असतं. जशी बी.ए., एम.ए. असते तशी तिथे बी.डी. आणि एम.टीएच. अशा पदव्या असतात. पण या पदव्यांपर्यंत बाई कशी पोचली ती गोष्ट मोठी आहे, आणि तिचे दोन-तीन धागे थेट आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून जातात. म्हणून आजचा वेळ आम्ही त्यालाच द्यायचं ठरवलं. ऐकणाऱ्या बहुतेक जणी ख्रिस्ती नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी ऐका. धर्माचं पुस्तक कुणी उघडायचं आणि त्याचा अर्थ कुणी सांगायचा, हा प्रश्न काही एकाच धर्मातला नाही.

सुरुवात बाणकोटपासून करू. सावित्री नदी समुद्राला मिळते तिथलं हे बंदर, आज मंडणगड तालुक्यात. 1823 साली स्कॉटलंडच्या मिशनरी लोकांनी पश्चिम भारतातलं आपलं पहिलं ठाणं इथे मांडलं आणि मग हर्णैला आले. त्यांनी गावोगाव शाळा काढल्या. 1829 साली मुंबईत उतरलेले जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट मराठी शिकायला कुठे आले? इथेच, हर्णै-बाणकोटला. ज्यांच्या नावाचं मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते हेच विल्सन. मार्गारेटबाई मराठी शिकल्या, मुंबईला परतल्या आणि मुलींच्या शाळा चालवू लागल्या. 1835 मध्ये त्या वारल्या, म्हणजे जेमतेम सहा वर्षं हातात मिळाली. त्या काळात मराठी मुलीनं अक्षर गिरवणं हीच मोठी गोष्ट होती. शास्त्र फार दूर होतं.

पुढे महाराष्ट्रभर मिशनची एक रीत पडली. ख्रिस्ती बायांना थोडं वाचायला शिकवायचं आणि घरोघर पाठवायचं. त्यांना बायबल बाई म्हणत. पुरुष माणूस माजघरात जाऊ शकत नसे, ही जायची. पुस्तकातलं वाचून दाखवायची, कुणाला अक्षरं शिकवायची, कुणाचं आजारपण बघायची. काम पाळकाचंच, पण पाळक नव्हे. पगार कमी, आणि चर्चच्या वेदीपाशी उभं राहून बोलायची परवानगी नाही. आमच्या गटातली एक मावशी हे ऐकून म्हणाली, म्हणजे अंगणवाडीच्या मदतनीससारखं झालं की! आम्हाला ते पटलं.

आता या गोष्टीतली मुख्य बाई. पंडिता रमाबाई. जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी स्वतःच्या बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना पंडितांच्या सभेपुढे उभं राहावं लागलं. त्यांनी ग्रंथांतलेच आधार काढून दाखवले, पण मन काही कुणाचं पालटलं नाही. मग घरदार सोडून रानात राहायला गेले. त्या आईनं रमाबाईंना शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीण गेली. भाऊ आणि ही, दोघं पायी देशभर पुराण सांगत हिंडले. 1878 साली कोलकात्याच्या पंडितांनी तिला तपासून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेव्हा ती वीस वर्षांची होती. लग्न झालं, मुलगी झाली, आणि 1882 मध्ये नवरा वारला.

1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानानं कमी ऐकू यायचं म्हणून ते जमलं नाही. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. इथे बऱ्याच जणी म्हणतील, झालं, गोष्ट संपली. पण खरं भांडण तिथेच सुरू झालं. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी मुलग्यांनाही शिकवावं असा विचार निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. परत मायदेशी गेल्यावर ही बाई काय तोंडानं फिरेल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाई चिडल्या. ज्या बाईनं काशी-कोलकात्याच्या पंडितांपुढे तोंड उघडलं होतं, तिला इथे मुलग्यांना व्याकरण शिकवायची बंदी! आपण पुरोहितांच्या जोखडातून कशीबशी मान सोडवली ती आता दुसऱ्या पुरोहितांच्या हाती द्यायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी आपल्या गुरुभगिनीला कळवलं. बायबलचा अर्थ आपला आपण वाचून ठरवायचा, हा त्यांचा हट्ट कायम राहिला. आम्हाला रमाबाई आवडतात त्या या हट्टासाठी.

1889 च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांच्या शिक्षणासाठी. आता आपल्या देवरुखचा धागा. देवरुखच्या जोश्यांची मुलगी गोदूबाई, लहानपणीच विधवा झालेली. तिच्या भावानं तिला शारदा सदनात आणून सोडलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. 1893 साली मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. मुरुडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकलं ते याच लग्नासाठी. आनंदीबाई धर्मानं हिंदूच राहिल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच सुमाराला पुण्यात ओरड उठली होती की सदनात मुलींना बाटवतात. सदन तोवर मुंबईहून पुण्याला हललं होतं. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. त्यांची प्रार्थना उघड्या दारानं चालायची आणि जिला यावंसं वाटे ती येऊन बसायची. पालकांची भीती अगदीच बिनबुडाची होती असं आम्ही म्हणणार नाही. पण ज्या मुली परत गेल्या त्यांचं शिक्षण तिथेच थांबलं, हेही खरं.

पुढे दुष्काळ आले, 1896 चा, मग 1900 चा. रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून शेकडो मुली-बाया केडगावला आणल्या. तेच मुक्ती सदन. तिथे शेती, विणकाम, गुरंढोरं असं सगळं होतं आणि छापखानाही होता.

पन्नाशीकडे झुकताना या बाईनं हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. बायबलचा जुना भाग, म्हणजे जुना करार, मुळात हिब्रूत आहे आणि नवा करार ग्रीकमध्ये. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, आपली उर्दू लिहितात तशी. स्वर ठिपक्यांनी दाखवतात. मराठीत बायबल तेव्हा होतंच. श्रीरामपूरच्या कॅरींनी 1811 सालीच नवा करार मराठीत छापला होता. हे श्रीरामपूर आपलं नगरचं नव्हे, बंगालमधलं. पण रमाबाईंचं म्हणणं असं की ही मराठी पंडिती आहे, केडगावात आलेल्या माझ्या बायांना ती कळत नाही. म्हणून मुळाला हात घालून साध्या बोलीत नवं भाषांतर करायचं. आज ज्याला एम.टीएच. म्हणतात तो अभ्यास म्हणजे हेच: मूळ भाषा शिकायची, शब्दाचा माग काढायचा, मग अर्थ लावायचा. रमाबाईंना ती पदवी कुणी दिली नाही.

मूळ भाषा कशाला, असं कुणी विचारेल. दोन शब्द सांगतो. हिब्रूत दयेला जो शब्द आहे त्याचं मूळ गर्भाशयाच्या शब्दाशी जुळतं. नुसतं ‘दया’ म्हटलं की वाटतं वरून कुणी खाली दिलं. पण आपण ‘पोटात कालवलं’ म्हणतो ना, ते त्या शब्दाच्या जवळचं. दुसरा शब्द नव्या करारातला. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल फिबी नावाच्या बाईची ओळख करून देतो आणि तिच्यासाठी ‘दियाकोनोस’ हा ग्रीक शब्द वापरतो. हाच शब्द तो स्वतःसाठीही वापरतो. पण 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तोच शब्द पुरुषाच्या बाबतीत आला की धर्मसेवेचा अधिकारी होतो आणि फिबीच्या बाबतीत नुसती चाकरी करणारी. एक शब्द असा वाकवला की शेकडो वर्षं बाईनं उपदेश करायचा नाही असं म्हणायला जागा होते. ज्याला ग्रीक येत नाही त्याला हे कळणारच कसं?

रमाबाईंचं भाषांतर जवळजवळ अठरा वर्षं चाललं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, काना-मात्रा-जोडाक्षरांचे खिळे वेगळे, छापल्यावर सगळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. हे सगळं बायांनी केलं, त्यातल्या कितीतरी दुष्काळातून आलेल्या, सदनात येऊन अक्षर शिकलेल्या. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा वारली. तरी प्रुफं तपासणं थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. छापलेलं पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं. जाणकार म्हणतात, मुळाला इतकं धरून केलंय की मराठी वाक्य मधूनमधून अडखळतं. असेल. पण संपूर्ण बायबल एकट्या बाईनं मूळ भाषांवरून भाषांतरित करणं जगातही फार थोड्यांदा घडलंय.

आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावला जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा 1895 ला ख्रिस्ती झाला, त्यांनी पाच वर्षं विचार करून 1900 मध्ये स्वतःचा निर्णय घेतला. टिळक 1919 ला गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं. ते पुढे रचलं लक्ष्मीबाईंनीच. 1933 मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष त्याच होत्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी गटात आणून मोठ्यानं वाचावं, हसून हसून पोट दुखेल.

राहिलं आजचं. बंगालमधल्या श्रीरामपूरचं कॉलेज 1818 चं. 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या द्यायचा अधिकार दिला, आणि बी.डी. ही पदवी तिथे पहिल्यांदा 1915 साली दिली गेली. महाराष्ट्रात युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 साली यवतमाळला सुरू झाली, 1983 पासून पुण्यात आहे. पुण्यातच कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ, 1955 साली श्रीलंकेतल्या कँडीहून आलेलं. तिथे सिस्टर शिकतात, पण कॅथलिक चर्चमध्ये बाईला धर्मगुरूची दीक्षा आजही मिळत नाही. प्रॉटेस्टंटांत बऱ्याच ठिकाणी मिळते. 2013 मध्ये आंध्रातल्या नंद्यालला पुष्पललिता या दक्षिण भारतातल्या चर्चच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या.

एखादीची मुलगी या वाटेला जाणार असेल तर तिनं आधी पदवी घ्यावी, मग बी.डी., आणि बी.डी.ला चांगले गुण असले तर एम.टीएच.ची दोन वर्षं आणि प्रबंध. मूळ भाषांचा अभ्यास तिलाही चुकत नाही. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेसोबत साधारणपणे आणखी एक कागद मागतात: तिच्या स्वतःच्या मंडळीचं शिफारसपत्र. ते देणाऱ्या समितीत बाया किती बसतात, हे अर्ज भरायच्या आधी आपल्या गावात विचारून घ्या.