ज्ञानदेव समाधी : शोक आणि स्मरण

परंपरेनुसार ज्ञानेश्वरांनी शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस (इ.स. 1296) आळंदीला, इंद्रायणीकाठच्या सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात समाधी घेतली. जन्मशक 1193 की 1197 याविषयी एकमत नसल्याने त्या वेळचे त्यांचे वय 21 ते 25 असे धरले जाते.

साधने : या प्रसंगीच्या शोकाचे मुख्य साधन म्हणजे नामदेवांच्या नावावरील ‘समाधी’ प्रकरणाचे अभंग. ‘आदी’ आणि ‘तीर्थावळी’ यांच्यासह ते ज्ञानेश्वरांचे आद्य चरित्र ठरतात. यांतील काही रचना ‘नामा’ ही मुद्रा लावणाऱ्या नंतरच्या कवींच्या असाव्यात, असे अभ्यासकांना वाटते. इतर समकालीन पुरावा तुटपुंजा आहे.

शोकाचे स्वरूप : अभंगांत तयारीचे तपशील बारकाईने येतात. नामदेवांचे पुत्र नारा, विठा, गोंदा आणि महादा समाधीची जागा झाडून घेतात. ज्ञानदेवांचा एक हात स्वतः विठ्ठल धरतो, दुसरा निवृत्तिनाथ. आत नेऊन बसवल्यावर दाराशी शिळा लावली जाते. धाकटी भावंडे सोपान आणि मुक्ताबाई रडतात, हे ओघानेच आले. पण सर्वांत कोसळतात ते निवृत्तिनाथ. आईवडील सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे ते बोलून जातात. ते ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरूही. गुरूने शिष्यासाठी असे मोकळेपणी रडावे आणि वारकरी संप्रदायाने ते रडणे न लपवता जपावे, हेच या अभंगांचे थोरपण होय. समाधीसुख आणि वियोग इथे शेजारी नांदतात. एकाने दुसऱ्याची समजूत घातलेली नाही.

समाधिस्थान : सोळाव्या शतकात एकनाथांनी समाधीचा शोध घेऊन जीर्णोद्धार केला, अशी आख्यायिका आहे.

वार्षिक सोहळा : कार्तिक वद्य पक्षात, ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याचे प्रवर्तक हैबतबाबा यांच्या पायरीच्या पूजनाने सोहळ्यास आरंभ होतो. पंढरपूरहून नामदेवांची पालखी येते. त्रयोदशीला नामदेवांचे वंशज नामदास महाराज समाधीच्या अभंगांवर कीर्तन करतात. दुपारी बाराच्या सुमारास घंटानाद आणि पुष्पवृष्टी होते, तेव्हा वारकऱ्यांचे डोळे आजही भरून येतात.

अन्य भावंडे : सोपानदेवांची समाधी सासवडला, मुक्ताबाईंचे स्थान तापीकाठी, तर निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे. चौघांत निवृत्तिनाथ सर्वांत शेवटी गेले.