गाडीवान आणि यंत्र

पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे ऊस घेऊन निघालेला गाडीवान पहाटे पेंगतो. बैल आपली वाट धरून चालतात. तरी गाडी ओढ्यात गेली, तर बैलांना जाब कोणी विचारीत नाही.

2014 साली अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने मोटारीच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरविल्या. पहिलीत यंत्र चक्र किंवा वेग यांपैकी एकच सांभाळते. दुसरीत दोन्ही, पण डोळे माणसाचे. तिसरीत यंत्रच रस्ता पाहते, मात्र त्याने हाक देताच माणसाने चक्र हाती घ्यावयाचे. चौथीत ठराविक हद्दीत माणूस लागत नाही. पाचवीत कोठेच नाही. मंडळी, आम्हाला खटकते ती मधली जागा. तेथे काम यंत्राचे आणि जोखीम नोकराची.

2018 साली ॲरिझोनातील टेंपी गावी, सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री उबरच्या चाचणीवरील गाडीखाली मेली. देखरेखीस बसलेल्या बाईचे लक्ष फोनवर होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पूर्वी गाडीत दोन माणसे बसत. कंपनीने त्यांतले एक कमी केले होते! कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. बाईवर झाला, आणि 2023 मध्ये तिने गुन्हा कबूल केला.