प्रतिभू, जामीन आणि पतपेढी

ज्याची बाजारांत पत नाहीं, किंवा असलेली गेली आहे, त्याला त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोणी पैसे देत नाहीं. मग तो पत असलेल्या एखाद्या भल्या गृहस्थाला बरोबर घेऊन येतो. दुसऱ्याची पत अशी उसनी घेण्याची रीत फार जुनी आहे, आणि तिच्या पोटांतला प्रश्नही तितकाच जुना आहे. पैसे थकले तर सावकारानें प्रथम कोणाच्या दारांत जाऊन उभें राहावयाचें? श्रोतेहो, या प्रश्नाला आपल्या देशांत वेळोवेळीं काय उत्तर मिळालें तें आज पाहावयाचें आहे.

जामीन हा शब्द मूळचा अरबी. फारसींतून तो मराठींत आला. आपल्या शास्त्रकारांचा शब्द प्रतिभू. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऋणको पळून जाणार नाहीं, लागेल तेव्हां त्याला हजर करीन, असें सांगणारा तो दर्शनप्रतिभू. हा मनुष्य विश्वासाचा आहे, माझ्या भरंवशावर याला द्या, असें म्हणणारा प्रत्ययप्रतिभू. आणि यानें न दिलें तर मी देईन, असें बोलून मोकळा होणारा दानप्रतिभू. पहिल्या दोघांचा शब्द खोटा ठरला तर त्यांनीं स्वतः भरपाई करावयाची. परंतु ते वारल्यावर तें ओझें त्यांच्या मुलांवर जात नसे. तिसऱ्याचें मात्र जाई. मनूनेंही मुलाच्या जबाबदारीपुरता असाच भेद केला आहे. मला तो फार मार्मिक वाटतो. बापानें भिडेखातर कोणाच्या सचोटीची ग्वाही दिली म्हणून मुलानें घरदार विकावें, हें शास्त्रकारांना पटलें नाहीं. पण बापानें पैसेच कबूल केले असतील तर तें बापाचें कर्ज, आणि बापाचें कर्ज फेडणें हा पुत्रधर्म. हें पुत्रधर्माचें बंधन इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींही मानलें, व हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें तें नव्या कर्जांपुरतें संपलें.

याज्ञवल्क्याचे आणखी दोन नियम सांगण्याजोगे आहेत. अविभक्त असतांना भावाभावांनीं, बापलेकांनीं किंवा नवराबायकोनीं एकमेकांस जामीन राहूं नये, असें तो म्हणतो. कारण उघड आहे. ज्यांची तिजोरी एक त्यांच्यांत दुसरी पत आणावयाची कोठून? आज नवऱ्याच्या कर्जाच्या कागदावर बायकोची सही सर्रास घेतली जाते, ती पाहून याज्ञवल्क्य काय म्हणता कोण जाणे! दुसरा नियम असा कीं, सावकारानें चारचौघांत प्रतिभूकडून पैसे वसूल केले तर ऋणकोनें ते त्याला दुप्पट करून परत द्यावे. नुसती रक्कम फेडून त्या गृहस्थाची झालेली शोभा भरून येत नाहीं, हें त्या काळच्या लोकांनीं ओळखलें होतें.

मराठ्यांच्या अमदानींत हाजीरजामीन, मालजामीन आणि फैलजामीन हे शब्द रूढ होते. पहिले दोन म्हणजे जुने दर्शन आणि दानच. फैलजामीन हा चांगल्या वर्तणुकीचा. पंचायतीपुढें वाद नेणाऱ्यालाही निवाडा पाळण्याबद्दल जामीन द्यावा लागे. आणि थकलेल्या कर्जासाठीं सावकार दारांत धरणें धरून बसे, तें तर सर्वांच्या ऐकण्यांतलें आहे.

१८७२ सालीं हिंदी कराराचा कायदा झाला, आणि चित्र पालटलें. हजर करीन, विश्वासाचा आहे, असल्या छटा कर्जाच्या व्यवहारांतून मागें पडल्या व दानप्रतिभूच तेवढा उरला. कलम १२८ प्रमाणें, करारांत निराळें लिहिलें नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. रोमच्या जस्टिनियन बादशहानें इ. स. ५३५ मध्यें असा नियम केला होता कीं, धनकोनें आधीं मूळ ऋणकोस धरावें, मग जामिनाकडे वळावें. आपल्या कायद्यांत ही सवलत नाहीं. १९६८ मध्यें एका बिहारी बँकेच्या दाव्यांत खालच्या न्यायालयानें ती देऊं केली, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला. आधीं ऋणकोच्या मागें धावावयाचें असेल तर जामीन घेण्याचा हेतुच फुकट जातो, असा त्या निकालाचा आशय आहे. सारांश, धनको थेट जामीनदाराच्या दारीं येऊं शकतो.

त्याच कायद्यानें जामीनदारास ढालीही दिल्या आहेत. त्याला न विचारतां कराराच्या अटी बदलल्या, तर त्यापुढील व्यवहारांतून तो सुटतो. त्याच्या संमतीवांचून ऋणकोस मुदत वाढवून देण्याचा करार केला, तरी तो सुटतो. पैसे भरल्यावर धनकोचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात. परंतु छापील जामीनपत्रांत बहुधा असें एक कलम असतें कीं, यांपैकीं पुष्कळशा ढाली जामीनदार आपण होऊन खालीं ठेवीत आहे. तें कलम वाचणारा मनुष्य माझ्या पाहण्यांत क्वचितच आला.

१९०४ च्या सहकारी कायद्यानंतर मुंबईपुण्यांत पतपेढ्या निघाल्या. गहाण टाकण्यास ज्याच्याजवळ सोनें नाहीं, अशा नोकरदाराला दोन सभासदांच्या जामिनावर कर्ज मिळूं लागलें, आणि कैक घरें सावकाराच्या तावडींतून सुटलीं, हें नाकारतां येणार नाहीं. आम्हां शिक्षकमंडळींत तर अर्ज मधल्या सुट्टींत फिरे, आणि चहाचा पेला खालीं न ठेवतां सह्या होत. अमुक मास्तर बुडविणार नाहींत एवढेंच सही करणाऱ्याच्या मनांत असे. म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणें तो प्रत्ययप्रतिभू होता. कागदावर मात्र दानप्रतिभू. पगारांतून दुसऱ्याचा हप्ता कापला गेला, कीं दोन स्नेह्यांचें बोलणें वर्षानुवर्षें बंद पडे.

आतां पतीचा हिशेब यंत्रावर मांडला जातो. सन २००० मध्यें सिबिल ही संस्था निघाली. ३०० पासून ९०० पर्यंतच्या आंकड्यांत ती प्रत्येकाची पत सांगते. आंकडा खालचा असला कीं बँक जामीनदार मागते, आणि तें कर्ज जामीनदाराच्याही पत्रकांत नोंदलें जातें. ऋणकोचे हप्ते थकले तर ज्यानें एक पैसाही घेतला नाहीं त्याची पत घसरण्याचा संभव असतो, आणि स्वतःच्या घरासाठीं अर्ज करीपर्यंत त्याला पुष्कळदां याचा पत्ताही नसतो. हें पत्रक वर्षांतून एकदां विनामूल्य मागवितां येतें. ज्यांनीं पूर्वीं कोणासाठीं सही केली असेल त्यांनीं तें मागवून पाहावें, आणि जामीनपत्राची नक्कल घरीं नसेल तर तीही बँकेकडून मागून घ्यावी.