ठराव झाला म्हणून तळे खुले होत नाही : महाड, यवतमाळ आणि दृष्टिहीनांचा हक्क

4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी अस्पृश्यांना पाणी मिळाले नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल उजाडले. ठरावापासून निकालापर्यंत 14 वर्षे! मनाई कागदावरून गेली तरी वाट अडलेलीच राहते, हा महाडचा धडा आहे.

संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे, त्यामागे हाच इतिहास आहे. पण तिथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे; अपंगत्व नाही. कलम 41 अपंगत्वात साहाय्याची गोष्ट करते, मात्र ते मार्गदर्शक तत्त्व आहे. अपंग व्यक्तींचा पहिला कायदा आला 1995 साली. त्याची जागा घेणारा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय घडले? माणसाच्या डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, मास्क आणि हातमोज्यांशिवाय, विषारी औषधांची फवारणी. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात भरती झाले. कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला, काहींची दृष्टी गेली. त्यांत मजुरीने फवारणी करणारे भूमिहीनही होते. हे अंधत्व नशिबाने आलेले नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्या पाठीवर पंप येतो. हा प्रश्न आमच्या वस्तीचा आहे.

डोळे गमावलेल्या मजुराने मदतीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे कसे? एसटीची पाटी वाचता येत नाही, अर्ज छापील, सही दुसऱ्याच्या भरवशावर. 2016 च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षे दिली. नियम आले जून 2017 मध्ये, मुदत संपली जून 2022 मध्ये. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा. महाडचीच गोष्ट पुन्हा : ठराव आहे, पाणी नाही.

सुगमतेऐवजी मिळाले काय? नवे नाव. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला. आम्हाला 'हरिजन' आठवते. 1938 साली मुंबई विधानसभेत त्या शब्दाला विरोध करून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचे नाव चिकटवून माणसाचा हक्क मिळत नाही.

आता स्वतःकडे पाहू. चळवळीचे साहित्य आपण पीडीएफ करून वाटतो. पान नुसते स्कॅन केलेले असेल तर ते चित्र असते. स्क्रीन रीडर त्यातले एक अक्षर बोलत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तो निरर्थक आवाजात वाचतो. जयंतीच्या पोस्टरवर वेळ-ठिकाण चित्रात असते, म्हणजे दृष्टिहीन भीमसैनिकाला निमंत्रणच नाही. पुस्तक हे आमचे चवदार तळे आहे. त्याच्या काठावर कुणाला तरी उभे ठेवणारे आपणही आहोत.

म्हणून यवतमाळच्या तरुणांनो, तीन कामे धरा. पत्रके युनिकोडमध्ये टाइप करा, पोस्टरसोबत मजकूर लिहा. वाचनालयात बाबासाहेबांचे ग्रंथ ध्वनिमुद्रित करा. आणि तालुक्याच्या कार्यालयांत, बसस्थानकांत किती ठिकाणी ब्रेल, उद्घोषणा, धरायला कठडा आहे, याची यादी करून लेखी उत्तर मागा. दृष्टिहीन साथींना सोबत घेऊन, त्यांच्या पुढारपणात. त्यांच्यावर उपकार म्हणून नको. महाडला कोणी उपकार मागायला गेले नव्हते.

जय भीम!