आयएनएस राजपूत
भारतीय नौदलाची विनाशिका. मूळ नाव एचएमएस रॉदरहॅम. स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत बांधणी. 1942 मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल. दुसऱ्या महायुद्धात ती मुख्यतः हिंदी महासागरात होती. सप्टेंबर 1945 मध्ये सिंगापूरचा नाविक तळ जपान्यांकडून ताब्यात घेण्यात तिचा वाटा होता. 1949 मध्ये रणजित व राणा या भगिनी-नौकांसह ती भारताकडे आली.

1971 च्या भारत-पाकिस्तान युद्धात या जुन्या नौकेवर जोखमीची कामगिरी सोपवली गेली. विमानवाहू नौका विक्रांत अंदमानकडे सुरक्षित असताना, ती विशाखापट्टणमजवळच आहे असे भासवणारे बिनतारी संदेश राजपूतने पाठवले. विक्रांतच्या मागावर आलेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी 3-4 डिसेंबरच्या रात्री बंदराबाहेर बुडाली. बंदर सोडताना राजपूतने संशयित जागी दोन डेप्थ चार्ज टाकले होते. गाझी बुडवण्याचे श्रेय या डेप्थ चार्जचेच, असे भारतीय नौदल मानते. पाकिस्तान अपघाती स्फोटाचे कारण देतो. हा वाद मिटलेला नाही. मात्र हुलकावणीतील राजपूतचे धाडस त्यावर अवलंबून नाही. 1976 मध्ये ती सेवानिवृत्त झाली.